बारा दिवसांचा फरक

३० जुलै २०२२, शनिवार. ठाण्यात आदल्या रात्रीपासून पाऊस लागलेला. पाळीच्या हिशोबाने मला त्या दिवशी बरोबर आठ आठवडे पूर्ण झाले होते, आणि पडद्यावर जे दिसलं ते पाच मिलिमीटरचं होतं.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मग विचारलं, "शेवटची पाळी चार जूनचीच ना? नक्की?" मी तारखा लिहून ठेवते, त्यामुळे नक्की. "मग वाढ जवळजवळ दोन आठवडे मागे आहे. ठोके आहेत, १०८. तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." एवढं बोलून ते पुढच्या पेशंटच्या तयारीला लागले. मी बाहेर आले तर नवरा दोन छत्र्या धरून उभा होता. त्याला काय सांगावं ते कळेना. ठोके आहेत हे आधी सांगावं की मागे आहे हे?

संध्याकाळी आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो मला दिवसभरात कुणीच विचारला नव्हता. "तुझी पाळी किती दिवसांनी येते गं?"

चाळीस, कधी बेचाळीस. कॉलेजपासून तशीच.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला एक आडवी रेघ मारली. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो एकच दिवस बाईला खात्रीने ठाऊक असतो. पण या मोजणीत एक गृहीतक लपलेलं असतं. पाळी अठ्ठावीस दिवसांची आणि चौदाव्या दिवशी बीज सुटलं. ज्यांची पाळी चाळीस दिवसांची असते त्यांचं बीज सुटायलाच सव्वीसावा दिवस उजाडतो, कारण बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण चौदा दिवस लागतात. लांबलेले दिवस असतात ते त्याच्या आधीचे. सव्वीसातून चौदा गेले, बारा उरले. रिपोर्टप्रमाणे बाळ सहा आठवडे दोन दिवसांचं होतं, म्हणजे माझ्या मोजणीपेक्षा बरोबर बारा दिवसांनी लहान.

मला रडूच आलं, सुटल्यासारखं. पण मॅडमनी लगेच हात वर केला. "थांब. हिशोब जुळतोय, म्हणून वाढ चालू आहे असं मी आज म्हणणार नाही. एका मापावरून वाढ कळत नाही, त्याला दोन मापं लागतात. या दिवसांत बाळ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतं. अकरा दिवसांनी परत बघू."

ते अकरा दिवस मी तारखांवर काढले. वाचायचं आणि कॅलेंडरवर मागे मागे जायचं. जूनच्या अखेरीस कधीतरी बीज फळलं असणार. १० जुलैला आषाढी होती. सासूबाईंबरोबर मीही उपास केला होता, साबुदाण्याची खिचडी खाऊन दुपारी झोपले होते. त्याच सुमाराला शे-दोनशे पेशींचा एक गोळा माझ्या गर्भाशयाच्या अस्तरात रुतत होता. फळल्यापासून साधारण बाविसाव्या दिवशी हृदय चालू होतं; तेव्हा ते हृदयही नसतं, एक नळी असते, वळण घ्यायच्या आतच धडधडायला लागलेली. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत मज्जानलिका, म्हणजे पुढे जिचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती नळी, दोन्ही टोकांना मिटते. ती मिटली नाही तर मणक्यात दोष राहतो. फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीपासून घ्यायला सांगतात ते यासाठी. बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळून त्या डॉक्टरकडे जाईपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं. मी गोळ्या मार्चपासून घेत होते. माझ्या हिशोबाने ती नळी २८ जुलैच्या आसपास मिटली असणार, सोनोग्राफीच्या दोन दिवस आधी. त्या गुरुवारी मी ऑफिसात बसून एक कंटाळवाणी शीट भरत होते.

राखीच्या आदल्या दिवशी, १० ऑगस्टला, परत गेलो. पंधरा मिलिमीटर. ठोके १६२. मुगाच्या दाण्याएवढं होतं त्याला आता एक बाजू डोक्याची झाली होती, आणि हातापायांच्या जागी मोड आलेल्या मटकीसारखे कोंब होते. नवऱ्याने मशीनवरचा तो आवाज ऐकला आणि माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

मॅडमनी फाईलच्या पहिल्या पानावरची बाळंतपणाची ११ मार्च ही तारीख खोडली, लाल पेनाने २३ मार्च २०२३ लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या. "ही आता बदलायची नाही. पुढच्या सोनोग्राफीत मशीन काहीही दाखवो. आणि आजचा कागद जपून ठेव."

का, ते मी विचारलं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. आई उंच असो, बुटकी असो, बाळ ठाण्यातलं असो की नॉर्वेतलं, पंधरा मिलिमीटर म्हणजे आठ आठवड्यांच्या आसपासच. चूक झाली तर चार-पाच दिवसांची, फार तर आठवड्याची. पुढे प्रत्येकाची वाट वेगळी होते. आईबापांची चण, आईचं खाणंपिणं, तिचं ब्लड प्रेशर, वारेचं (प्लॅसेंटाचं) काम. सातव्या-आठव्या महिन्यात मापावरून वय सांगायला गेलं तर दोन-तीन आठवड्यांचीही चूक होऊ शकते. लहानपणी वय कळतं, मोठेपणी वाढ कळते, आणि दोन्हीसाठी माप तेच असतं. ही गोष्ट मला कुणी शाळेत शिकवली असती तर किती बरं झालं असतं.

घरी सासूबाईंनी कालनिर्णयावर वेगळाच हिशोब केला होता. नऊ महिने नऊ दिवस. चार जूनपासून तो १३ मार्चला येत होता. मला गंमत याची वाटली की डॉक्टरांचं सूत्रही जवळपास हेच आहे. नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला नियम नऊ महिने सात दिवस सांगतो. आपल्या बायकांचं बोटांवरचं मोजणं आणि त्याचं, यांत दोनच दिवसांचं अंतर. अडचण एकच. दोन्ही हिशोबांना माझी चाळीस दिवसांची पाळी ठाऊक नव्हती.

गणपती झाले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरला, एनटी स्कॅनची वेळ होती. गुणसूत्रांतल्या दोषांचा अंदाज यावा म्हणून त्यात बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी बघतात, नाकाचं हाड बघतात, बरोबर डबल मार्करची रक्ततपासणी असते. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म एफ भरायला घेतला (प्रत्येक गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला हा फॉर्म लागतोच, गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, देशाचा १९९४ साली आला), पाळीची तारीख वाचली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे आज चौदा आठवडे झाले. एनटी तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच होते." मी पिशवीतून १० ऑगस्टचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. आतल्या डॉक्टरांनी तो बघितला आणि मान डोलावली. बारा आठवडे दोन दिवस. डोक्यापासून बुडापर्यंत ५८ मिलिमीटर.

हे डॉक्टर बोलके होते. पोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "इथली आतडी आता आत गेलीत बघा." मला कळलं नाही. आठव्या आठवड्याच्या सुमारास आतडी इतक्या वेगाने वाढतात की बाळाच्या पोटात ती मावत नाहीत, म्हणून काही आठवडे नाळेच्या मुळाशी बाहेर राहतात आणि बाराव्याच्या सुमारास वळण घेत परत आत जातात. सगळ्यांचीच. मी तो दिवसभर माणसं बघत होते. जांभळी नाक्याच्या बाजारात भाजी निवडणारी, रिक्षात बसलेली. या प्रत्येकाची आतडी एकदा बाहेर राहून आली आहेत, हा विचार डोक्यातून जाईना.

मधले महिने पटकन गेले. उलट्या थांबल्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डिसेंबरात पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं ती मधुमेहाची परीक्षा झाली. १४०च्या आत यायला हवं होतं, १२८ आलं.

पण ५ नोव्हेंबरची सोनोग्राफी सांगायलाच हवी. वीस आठवडे दोन दिवस. एनटीवाल्याच डॉक्टरांनी पाऊण तास घेतला. हृदयाचे चार कप्पे, त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्या एकमेकींना ओलांडून जातात की नाही, मणक्याची मण्यांची माळ, वरचा ओठ, दोन मूत्रपिंडं. पोटात एक काळा बुडबुडा होता. ते म्हणाले, "हे गिळलेलं पाणी." बाळ भोवतीचं पाणी गिळतं आणि त्याची लघवी परत त्याच पाण्यात मिसळते, चौथ्या महिन्यानंतर ते पाणी मुख्यतः त्या लघवीचंच असतं. म्हणून पुढे पाणी कमी झालं की डॉक्टर बाळाच्या मूत्रपिंडाकडे आणि वारेकडे बघतात. नाळेत तीन नळ्या दिसल्या. दोन रोहिण्या, एक नीला. वजन अंदाजे ३४० ग्रॅम, आमच्याकडे घरी आणतो त्या अर्धा किलो श्रीखंडाच्या डब्यापेक्षा कमी.

आणि पडद्यावर ते पाय झाडत होतं. जोरात, दोन्ही पाय. मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. "वार समोरच्या भिंतीला आहे. उशीमागून लाथ मारतंय. थोडं उशिरा कळेल," डॉक्टर म्हणाले.

ते कळलं नोव्हेंबरच्या मध्यावर, ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये. तेव्हा दिघा गाव स्टेशन सुरू व्हायचं होतं. ठाण्याहून गाडी सुटली की पहिलंच ऐरोली, माझं उतरायचं स्टेशन. खिडकीत बसले होते. पापणी फडफडते तशी काहीतरी हालचाल झाली, पण पोटात, बेंबीच्या खाली डावीकडे. मी श्वास धरून बसले. परत झाली. ऐरोली आलं, दार भरलं, रिकामं झालं, गाडी सुटली आणि मी रबाळ्याला पोचले. ऑफिसला उशीर झाला. शेजारच्या बाईंना मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्या पोटावरच्या माझ्या हाताकडे बघून हसल्या.

१ जानेवारीला, सातवा सरायच्या आत, डोहाळजेवण झालं. डोहाळे हा शब्द दोहदावरून आला, आणि आयुर्वेदात गर्भिणीला दौहृदिनी म्हणतात, दोन हृदयं असलेली. त्या दिवशी चुलतसासूबाईंनी हिरवा चुडा भरला आणि म्हणाल्या, "किणकिणाट ऐकतं हो ते." अठ्ठावीस आठवड्यांत कान काम करत असतात, पापण्या उघडमीट करायला लागलेल्या असतात, हे खरंच. पोटातून आणि पाण्यातून खालच्या पट्टीतले आवाज जास्त चांगले पोचतात, म्हणून बांगड्यांपेक्षा नवऱ्याचं बोलणं त्याला अधिक ऐकू येत असणार. पण मी चुडा मुद्दाम वाजवत राहिले. त्याच दिवशी दोघी-तिघी म्हणाल्या, "पोट फार लहान दिसतंय गं." मी हसून सोडून दिलं. आतून नाही सुटलं.

२८ जानेवारीला वाढीची सोनोग्राफी. नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी, म्हणून दुसऱ्या सेंटरला गेलो. गर्दी होती. काउंटरवर पाळीची तारीख विचारली, मी ४ जून सांगितली, नंबर लागला. फाईल मी बरोबर नेली होती, ती उघडायला कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. रिपोर्ट हातात आला त्यावर लिहिलं होतं: ३४ आठवडे, अंदाजे वजन १७८० ग्रॅम, दहाव्या पर्सेंटाइलच्या खाली (म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांतल्या सर्वांत हलक्या दहांत), वाढ खुंटल्याची शक्यता. तिथल्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं की ॲडमिट व्हावं लागेल, फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं घ्यावी लागतील, लवकर सिझरचीही तयारी ठेवा.

शनिवार संध्याकाळ होती. मॅडम सोमवारी भेटणार होत्या. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "हालचाल नेहमीसारखी आहे ना? दोन तासांत दहा भरतात का बघ. कमी वाटली तर वाट बघू नकोस, थेट हॉस्पिटलला ये." त्या दोन रात्री मी डाव्या कुशीवर पडून मोजत होते. मी काय कमी खाल्लं? ट्रेनचा प्रवास सोडायला हवा होता का? सासूबाईंनी रविवारी चार वेळा तूप वाढलं. मला ते गिळत नव्हतं.

सोमवारी मॅडमनी शनिवारचा रिपोर्ट डावीकडे आणि १० ऑगस्टचा कागद उजवीकडे ठेवला. मीच ओरडले, "मॅडम, बारा दिवस!" बत्तीस आठवडे दोन दिवस होते, चौतीस नव्हेत. पण पहिल्या वेळेसारख्याच त्या यावेळीही तिथे थांबल्या नाहीत. ३१ डिसेंबरच्या सोनोग्राफीतलं वजन, ११२० ग्रॅम, त्यांनी तक्त्यावर ठिपका मारून दाखवलं. मग १७८०चा ठिपका, बत्तिसाव्यावर. दोन्ही तिसाव्या पर्सेंटाइलच्या आसपास, एकाच वक्ररेषेवर. बारीक चणीचं बाळ, आपल्या वाटेने चाललेलं. नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉप्लर चांगला होता, पाणी पुरेसं होतं. पोटाचा घेर डोक्याच्या मानाने घटलेला नव्हता. खरोखर पोषण कमी पडतं तेव्हा बाळ रक्त मेंदूकडे वळवतं, डोकं वाढत राहतं आणि पोट मागे पडतं, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावलं. दोन आठवड्यांनी परत बघितलं, २२५० ग्रॅम. ठिपका त्याच रेषेवर.

मी सुटले म्हणून हा विषय हलका होत नाही. त्याच बाकावर माझ्या शेजारी कळव्याची एक मुलगी बसायची. तिच्या तारखा बरोबर होत्या आणि बाळ खरंच मागे पडत होतं; बीपी वाढलेलं, डॉप्लर बिघडलेला. तिला तेहतिसाव्या आठवड्यात ॲडमिट केलं, तीच इंजेक्शनं दिली, आणि दीड किलोचं बाळ काचेच्या पेटीत वाढलं. फुप्फुसांच्या पिशव्या आतून चिकटू नयेत म्हणून बाळाचं शरीर एक पदार्थ तयार करतं. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास त्याची सुरुवात होते, पण तो पुरेसा व्हायला पस्तिसावा उजाडतो. तिच्यासाठी ती दोन इंजेक्शनं म्हणजे बाळाचा श्वास होता. माझं बाळ मात्र चुकीच्या तारखेवर विसंबून लवकर बाहेर काढलं गेलं असतं. कागदावर सदतीस, आत पस्तीस. बारा दिवस तिथे लहान नसतात.

११ मार्च आला आणि गेला. १३ मार्चही. फोन सुरू झाले. "तारीख उलटली ना? वाट कसली बघताय?" सासूबाईंनी आधी मलाच विचारलं, मग मॅडमना भेटायला बरोबर आल्या. मॅडमनी त्यांना रेघ मारून दाखवली, तीच, जुलैमधली. नंतरचे फोन सासूबाईंनीच घेतले. "डॉक्टरांच्या हिशोबाने अजून दहा दिवस आहेत," असं ठामपणे सांगायच्या.

१६च्या रात्री कळा सुरू झाल्या. १७ मार्चला पहाटे मुलगी झाली. २ किलो ८८० ग्रॅम. तोपर्यंत पाण्याने भरलेल्या फुप्फुसांत पहिली हवा गेली, ती रडली, आणि निळसर होती ती माझ्या डोळ्यांदेखत गुलाबी झाली. काखेत आणि जांघेत पांढरा मेणासारखा थर होता. दिवस उलटून गेलेल्या बाळाची कातडी कोरडी असते, सालं निघतात, हा थर बहुधा उरलेला नसतो. मॅडमनी बोटावर थोडा घेऊन मला दाखवला. "बघ, हिने स्वतःच वय सांगितलं."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. वजन २ किलो ७१० भरलं, जन्मापेक्षा १७० ग्रॅमने कमी. पहिल्या आठवड्यात एवढं उतरतं, असं ते म्हणाले आणि नव्या कार्डावर ठिपका मारला.

मी विचारलं, "डॉक्टर, पुढचा ठिपका कधी?"